टेकडीवरची फरशी

"...आणि पाणी कुठं जातं?" आक्कांनी विचारलं.

यशोधन गोंधळला. दगड कुठून आणला, उतार कसा साधला, सांधे इतके बारीक कसे भरले, या सगळ्याची उत्तरं त्यानं तयार ठेवली होती. हा प्रश्न त्यात नव्हता.

"पाणी राहतच नाही, आक्का," तो म्हणाला. "उतारच तसा दिलाय. थेंब पडला की गेला."

"गेला ते कळलं. कुठं गेला?"

"फाटकातून बाहेर."

"मग?"

"मग... रस्त्यावर."

"मग?"

"मग खाली. कुठंतरी."

आक्का हसल्या. "एवढी फिरले रे मी," त्या म्हणाल्या, "पण 'कुठंतरी' हे गाव काही बघायचं जमलं नाही."

आणि पायातल्या वहाणा काढून, नव्या फरशीवरून सावकाश चालत त्या आत गेल्या.

यशोधन अंगणाच्या मधोमध उभा राहिला. दोन महिने ज्या कौतुकाची वाट पाहिली, ते एका वाक्यात आलं आणि तसंच निघून गेलं. ते कौतुक होतं की नव्हतं, हेही त्याला कळेना.

आक्का म्हणजे टेकडीवरच्या मठाच्या गुरुमाउली. वय सत्तरीच्या पुढं, अंगावर साधं भगवं सुती पातळ, आणि बोलणं असं, की ऐकणाऱ्याला आधी हसू यावं आणि घरी गेल्यावर झोप येऊ नये.

यशोधन पाटणकर हा त्यांचा सगळ्यात नवा शिष्य. खालच्या शहरात उंच इमारती उभ्या करणाऱ्या एका कंपनीत तो मोठा साहेब होता. एक दिवस सगळं सोडून टेकडी चढून आला. नोकरी सोडली, गाडी सोडली, मनगटावरचं घड्याळही सोडलं. एकच गोष्ट सुटायची राहिली होती. आपण हात लावला की काम चोख होतं, ही खात्री.

मठाचं अंगण मुरमाचं होतं. पावसाळ्यात त्याचा राडा व्हायचा. चिंचेच्या झाडाजवळ एक खोलगट जागा होती. तिथं डबकं साचायचं, आणि संध्याकाळी बेडूक असे ओरडायचे की आक्का बोलता बोलता थांबायच्या. "आधी त्यांचं होऊ दे," म्हणायच्या.

मागच्या पावसाळ्यात त्याच राड्यात आक्कांचा पाय घसरला. गुडघा हा एवढा सुजला. यशोधननं कितीतरी दिवस तो शेकला, आणि शेकता शेकता मनाशी ठरवलं, की पुढच्या पावसाळ्यात या अंगणात चिखलाचा कण दिसता कामा नये.

उन्हाळ्याच्या शेवटी आक्कांची गुरुबहीण आजारी पडली. तिच्या सेवेला त्या दूर गेल्या आणि मुक्काम लांबला. यशोधनला हवी होती तीच संधी मिळाली. भक्तांनी दगड दिला, माणसं दिली. डबक्याची जागा राडारोडा टाकून भरली. वरून रोलर फिरला. भिंतीपासून भिंतीपर्यंत करडी, गुळगुळीत फरशी बसली. चिंचेला गोल पार बांधला.

काम चोखच झालं होतं.

श्रावण सरता सरता आक्का परतल्या, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ कोसळलं.

आक्का ओसरीवर बसून पाऊस बघत होत्या. यशोधन खांबाला टेकून उभा होता. पाणी फरशीवर पडत होतं, क्षणभर आरशासारखं चमकत होतं आणि झपाट्यानं फाटकाकडे निघून जात होतं. चिखल नाही, डबकं नाही, बेडूक नाही. त्याला राहवेना.

"बघा आक्का."

"बघतेय. फार घाईत आहे."

"कोण?"

"पाणी. आधी इथं जरा टेकायचं. आता चहासुद्धा न विचारता वाटेला लावल्यासारखं चाललंय." आक्का त्याच्याकडे वळल्या. "जा त्याच्याबरोबर."

"कुणाबरोबर?"

"पाण्याबरोबर. थांबतं कुठं ते बघून ये."

"आत्ता?... पाऊस थांबला की जातो ना."

"पाऊस थांबल्यावर कुणाबरोबर जाणार तू?"

यशोधननं कोपऱ्यातली छत्री उचलली, आक्कांकडे पाहिलं, आणि ती परत ठेवली. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून तो फाटकाबाहेर पडला.

मठातलं पाणी पुढं आणि तो मागं.

फाटकाबाहेर काँक्रीटचा रस्ता होता. पूर्वी इथं गवत आणि सीताफळीची झाडं असायची, असं आक्का सांगत. आता दोन्ही बाजूंना बंगले होते. प्रत्येकाच्या आवारात गाड्यांसाठी फरशी, आणि प्रत्येक कुंपणाच्या भिंतीतून एकेक पाइप रस्त्याकडे तोंड करून बाहेर आलेला. प्रत्येक पाइपातून पाणी धो धो पडत होतं. जो तो आपलं अंगण कोरडं ठेवत होता.

पहिल्या वळणावर पाणी घोट्यापर्यंत आलं. आता मठाचं पाणी कोणतं आणि बंगल्यांचं कोणतं, हे सांगता येईना.

पुढं एक ओढा लागायचा. आता तिथं उंच इमारतींची वसाहत होती आणि तिच्या कमानीवर 'निर्झर' असं नाव होतं. ओढा इमारतींखालच्या मोठ्या पाइपात घातला होता. पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा, प्लास्टिक, एक तुटकी खुर्ची असं सगळं अडकलं होतं. पाणी तिथवर आलं, आत शिरायला बघू लागलं, जागा मिळाली नाही तेव्हा फुगलं, आणि रस्त्यावरून उताराला धावत सुटलं.

यशोधनही धावू लागला. धावावंच लागलं. पाणी त्याला ढकलत होतं.

उताराच्या तळाशी बुरूड आळी होती. बांबूची सुपं, टोपल्या, परड्या विणणाऱ्यांची घरं. शहर टेकडीवर चढण्याच्या कितीतरी आधीपासून ही आळी तिथं होती. पाणी तिथं पोचलं, इकडे तिकडे पाहिलं, पुढं वाट नव्हती, म्हणून थांबलं.

आळी गुडघाभर पाण्यात होती, आणि त्या पाण्यात सुपं तरंगत होती.

नवी, पिवळीधमक सुपं. गौरीचा सण तोंडावर आला होता आणि गौरीला नवं सूप लागतं. आळीची वर्षाची कमाई त्या सणावर. ती सुपं आता होड्यांसारखी गल्लीभर फिरत होती आणि बायामाणसं त्यांच्यामागं धावत होती.

"ओ पाव्हणं," एक बाई ओरडली, "बघत काय उभं ऱ्हायलाय? ते धरा की. त्ये तुमच्याकडंच आलंय."

एक सूप खरंच त्याच्या पोटरीशी येऊन गिरक्या घेत होतं. यशोधननं ते धरलं. मग दुसरं धरलं. मग बराच वेळ तो दुसरं काहीच करत नव्हता.

त्या बाईचं नाव कौसाबाई. तिच्या घरात चुलीवर पाणी चढलं होतं. पिठाचा डबा माळ्यावर, अंथरुणं दोरीवर, आणि तिचा नवरा सदू बादलीनं पाणी बाहेर फेकत होता. तो बादलीभर फेकायचा आणि तेवढंच पुन्हा आत यायचं. यशोधननं दुसरी बादली घेतली.

"दर सालाला येतंय पाणी," बादल्या रिकाम्या करता करता कौसाबाई म्हणाली. "पन उंबऱ्यापोतर यायचं, जरा ऱ्हायचं नि जायचं. औंदा लई जोरात आलं बघा. पाक चुलीवर चढलं. कुनी सोडलं कुनाला ठावं."

यशोधन वाकून बादली भरू लागला.

पाऊस ओसरला तेव्हा दुपार झाली होती. कौसाबाईनं कुठून तरी गुळाचा खडा आणि भाजलेले शेंगदाणे काढले आणि त्याच्या ओल्या हातावर ठेवले.

"कुठलं म्हनायचं तुमी?"

"वरचा," यशोधन म्हणाला.

"वरचा कुठला?"

"असाच... कुठला तरी."

एवढं बोलला आणि तो घाईघाईनं टेकडी चढू लागला.

आक्का ओसरीवर तशाच बसल्या होत्या. यशोधनच्या अंगावरून चिखल निथळत होता. तो फरशीवर पाय ठेवताना क्षणभर थांबला, मग ठेवला.

"भेटलं का रे 'कुठंतरी'?" आक्कांनी विचारलं.

"भेटलं."

"कसं आहे गाव?"

"कौसाबाईंचं स्वयंपाकघर आहे, आक्का."

आक्का या वेळी हसल्या नाहीत.

"फोडून टाकतो फरशी," यशोधन म्हणाला. "आत्ताच फोडतो."

"का? स्वतःचा राग आलाय म्हणून? फरशीनं काय केलंय तुझं?"

"मग काय करू?"

"आपलं पाणी त्यांच्या घरी राहायला गेलंय. त्यांनी कुठं राहायचं?" आक्का उठल्या. "जा, बोलावून आण सगळ्यांना. आणि भिजलेली सुपंही आण. ओला बांबू दाबून ठेवला तर बुरशी धरतो."

तो संध्याकाळच्या आत पुन्हा खाली गेला. या वेळी त्याला सांगावंच लागलं, की तो मठातला आहे आणि मठाचं पाणी याच वाटेनं येतं. सदू त्याच्याकडे बघत राहिला. कौसाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मग असं म्हना की," ती म्हणाली, "आधी पानी धाडलं, आता बोलावनं धाडलंय."

सदू खो खो हसला. आळीही हसली. यशोधनला मात्र हसता आलं नाही.

आळीतली बरीच घरं वर आली. टोपल्या, पातेली, कोंबड्या, एक शेळी, आणि सुपांच्या चळती. फाटकातून आत शिरताना कौसाबाई थांबली. तिनं त्या लांबरुंद फरशीकडे पाहिलं, उतार कुठून कुठं जातो ते पाहिलं.

"ब्येस हाय फरशी," एवढंच ती म्हणाली, आणि आत गेली.

पुढचे काही दिवस मठात मठासारखं काही राहिलं नाही. यशोधन पहाटे ध्यानाला बसायचा त्या कोपऱ्यात शेळी बांधली गेली. सभामंडपात चुली पेटल्या. म्हाताऱ्या बायका भांडत आणि लगेच गात. कोंबड्या पारावर चढत. फरशीवर चिखलाची पावलं, शेण, बांबूची साल, सगळं पडू लागलं. सुरुवातीला तो झाडू घेऊन मागं मागं फिरला. मग त्याला कळलं, की यात आपण एकटेच आहोत, आणि त्यानं झाडू ठेवून दिला.

आक्का मात्र एकदम खुशीत होत्या. कौसाबाईकडून सूप विणायला शिकत होत्या. त्यांचं सूप वेडंवाकडं व्हायचं आणि ते त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या.

मग ऊन पडलं. स्वच्छ, कडक, भाद्रपदातलं ऊन. सगळी सुपं फरशीवर वाळत घातली. करडा दगड तापला आणि बांबू बघता बघता वाळू लागला. संपूर्ण अंगण पिवळंधमक दिसू लागलं.

"या फरशीनं आमची गौर राखली बाई," कौसाबाई म्हणाली.

यशोधननं ते ऐकलं. इतक्या दिवसांनी त्याला छाती भरून श्वास घेता आला. तो आक्कांजवळ गेला.

"ऐकलंत? मातीच्या अंगणात सुपं अशी वाळली नसती."

"नसतीच वाळली," आक्का म्हणाल्या. "फरशी खरंच उपयोगी पडली."

आणि त्या आपलं वाकडं सूप विणू लागल्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं यशोधनला वाटलं. रागाला काही तरी उत्तर देता येतं.

त्याच दुपारी पुन्हा ढग आले. एकच गलका उडाला. सगळ्यांनी मिळून सुपं उचलली, मंडपात नेली, उंच ओट्यावर रचली. शेवटचं सूप आत गेलं आणि पाऊस सुरू झाला.

फरशीवर पाणी पडलं, चमकलं आणि फाटकाकडे निघालं.

मंडपातला गलका हळूहळू शांत झाला. यशोधननं मागं वळून पाहिलं. सगळी आळी दाटीवाटीनं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एकाच जागी होते. फाटकातून बाहेर जाणाऱ्या त्या पाण्याकडे. घरं खाली होती आणि पाणी घरी निघालं होतं.

यशोधन धावत सुटला. त्यानं फाटकापाशी वाळूची पोती टाकली, फळी आडवी लावली, आणि तेवढ्यानं भागेना तेव्हा स्वतःच फळीला पाठ लावून बसला. पाणी अडलं. अडलं आणि फुगलं. फुगत फुगत मागं सरकू लागलं, मंडपाच्या पायरीला लागलं, एक पायरी चढलं.

"सुपं!" आतून कुणीतरी म्हणालं.

फळी ठेवावी तर सुपं भिजतात. काढावी तर घरं बुडतात.

आक्का पावसात चालत त्याच्याकडे आल्या. गुळगुळीत फरशीवरून, जपून, काठी टेकत.

"आक्का, आत जा, घसराल."

त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"काय करू मी?" यशोधननं विचारलं. पावसानं की कशानं, त्याचे डोळे भरले होते. "सोडलं तरी चूक, धरलं तरी चूक. पाणी जाणार कुठं?"

आक्का वळल्या, चिंचेच्या दिशेनं चार पावलं गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, आणि बोटांच्या पेरांनी फरशीवर वाजवलं.

टक, टक, टक.

शेजारणीच्या दारावर वाजवावं तसं. मग कान देऊन ऐकलं. आणि पुन्हा वाजवलं.

मंडपातले लोक एकमेकांकडे बघू लागले. म्हातारीला काही झालं की काय, असं कुणाकुणाला वाटलं.

यशोधन आक्कांकडे बघत होता. त्या वाकल्या होत्या ती जागा त्याला माहीत होती. राडारोडा टाकून त्यानंच ती भरली होती.

तो उठला. फळी धावत आलेल्या सदूच्या हातात दिली, कोठीतून पहार आणली, आणि आक्का बाजूला होताच पहिल्या फरशीच्या सांध्यात घातली. सांधा इतका चोख भरला होता की पहार शिरेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतःच्या चोख कामाला शिवी दिली. मग दगड हलला, तिरका झाला आणि उलटला.

मग कुणाला बोलवावं लागलं नाही. कुणी कुदळ आणली, कुणी फावडं, बायकांनी पाट्या धरल्या. फरशी निघाली, खालची खडी निघाली, राडारोडा निघाला, फुटक्या विटा, सिमेंटचे गोळे, सगळं हातोहात बाहेर गेलं. खाली मुरूम लागला. दाबून दाबून घट्ट झालेला. आळीतल्या माणसांनी तो पहारीनं खणून खणून सैल केला.

यशोधननं उतार मोडला. एक चर खणून पाण्याला तोंड दिलं.

पाणी क्षणभर थबकलं. मग वळलं, खड्ड्याच्या काठावरून आत उतरलं, आणि आतून बुडबुडे येऊ लागले. गुडगुड असा आवाज आला. फार दिवसांनी कुणी तरी पोटभर पाणी प्यावं तसा.

कौसाबाई खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती. चिखलानं माखलेली, हसत.

"प्येतंय बघा कसं," ती म्हणाली.

आक्काही काठावर बसल्या. त्यांनी पाय खड्ड्यातल्या पाण्यात सोडले. "फाटकापासून ओसरीपर्यंतची फरशी तेवढी राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याला बरी आहे."

त्या पावसात बुरूड आळीत पाणी शिरलंच नाही असं नाही. टेकडीवर एकटा मठ थोडाच होता. पण पाऊस थांबल्यावर सदू पळत खाली जाऊन आला तो नाचतच. पाणी उंबऱ्यापाशी येऊन परत फिरलं होतं. चूल कोरडी होती.

गौरीच्या आधी आळी आपल्या घरी गेली. सुपं विकली गेली. कौसाबाईनं एक सूप मठाला दिलं, आणि आक्कांनी आपलं वाकडं सूप तिला दिलं. तिनं ते दारावर टांगून ठेवलं. म्हणाली, याला कुनी गिऱ्हाईक येनार न्हाई, तवा ह्ये जन्मभर ऱ्हाईल.

इकडे मठाच्या खड्ड्याची गोष्ट टेकडीभर पसरली. आधी बघे आले. मग शेजारच्या बंगल्यातले निमकरकाका आले, खड्ड्याभोवती फिरले, आणि म्हणाले, "आमच्या गाड्यांच्या मागची फरशी तशी रिकामीच असते." त्यांच्याकडची फरशी यशोधननं स्वतः काढून दिली. मग त्यांच्या समोरच्यांनी बोलावलं. मग 'निर्झर'मधल्या लोकांनी पाइपाच्या तोंडाशी साचलेला कचरा काढला आणि बागेचा एक कोपरा खोल करायचं ठरवलं. त्यासाठी सभा घेतली आणि यशोधनला खुर्चीवर बसवून त्याचं व्याख्यान ठेवलं.

तो चांगला बोलला. उतार, माती, ओढे, शहरं, सगळ्यावर बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर सांगितलं, की अशी माणसं प्रत्येक टेकडीवर हवीत. गळ्यात घातलेला हार तो हातात धरून, हलक्या पावलांनी टेकडी चढून आला.

आक्का खड्ड्याच्या काठावर बसून लसूण सोलत होत्या. खड्ड्यात तळाशी थोडं पाणी होतं, आणि त्यात एक बेडूक डोळे वर काढून बसला होता.

यशोधननं नमस्कार केला. हार त्यांच्याजवळ ठेवला.

"फार मोठी सभा झाली, आक्का."

"हं."

"आता सगळी टेकडी तयार आहे. पुढच्या पावसाळ्यात आळीच्या उंबऱ्यालाही पाणी लागणार नाही. मी जबाबदारी घेतलीय."

"चांगलं केलंस."

"लोक काय म्हणतात माहितीय?"

"काय म्हणतात?"

तो जरा थांबला. पण मग राहवलं नाही.

"म्हणतात, एवढं पाणी येत होतं, पण या यशोधननं ते जिरवून दाखवलं."

आक्कांनी लसणाची पाकळी सोलली. साल फुंकून उडवली. खड्ड्यात वाकून पाहिलं, मग त्याच्याकडे वर पाहिलं.

"पाणी पटकन जिरतं रे," त्या म्हणाल्या. "वेळ तुलाच लागतोय."